एकतीस फोटोंतले मामा

आमच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या मामांना मी नऊ वर्षांत एकदाच हसताना पाहिलं होतं. नळ दुरुस्त करायला आलेला माणूस स्वतःच सांडवलेल्या पाण्यावरून घसरला, तेव्हा. एरवी त्यांचा चेहरा असा, की समोरच्याला वाटावं आपली काहीतरी चूक झालीय आणि ती यांना कळलीय.

मामा हे खरं तर कुणाचेच मामा नव्हते. चौतीस वर्षं ते एका शाळेत शिपाई होते, आणि मुलं शिपायाला मामा म्हणत. निवृत्त झाल्यावर ते इथे राहायला आले, मामा म्हणूनच. आल्या दिवसापासून इमारतीच्या फाटकाचं कुलूप त्यांनी आपल्या ताब्यात घेतलं. तसं त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. कुलूप लावायचं, दोनदा ओढून बघायचं, आणि मग जिना चढताना वाटेत भेटेल त्याला ऐकवायचं, "लोकांना वेळेचं भान नाही."

एका रविवारी सकाळी त्यांनी वरून मला हाक मारली, "जरा वर या. बहुतेक विमा विकणारे आलेत."

मी गेलो. हॉलमध्ये तीन माणसं पलंगाच्या कडेला अवघडून बसली होती. दोन पुरुष आणि एक चाळिशीची, टापटीप कपड्यांतली बाई. गंमत म्हणजे बाई खरोखरच विम्याच्या कचेरीत होती. पण आली होती वेगळ्याच कामाला.

"मामा, ओळखलंत का मला?"

"नाही."

"पंचवीस वर्षांपूर्वीची बॅच आमची."

"मग कसं ओळखणार?"

तिघंही एकमेकांकडे बघून खूश झाली. "बघा! अगदी तेच मामा!" त्यातला एक म्हणाला. मामा माझ्याकडे बघायला लागले. आपण नेमकं काय चांगलं केलं हे त्यांना कळेना.

मग बाईंनी सगळं सांगितलं. त्यांच्या बॅचने फोनवर ग्रुप केला होता. जो तो कपाटं उपसून शाळेचे जुने फोटो टाकत होता आणि आठवणी लिहीत होता. कुणाच्या तरी लक्षात आलं, की शेवटच्या वर्षीच्या वर्गाच्या फोटोत उजव्या कडेला मामा उभे आहेत. मग आधीच्या बॅचवाल्यांनी आपला फोटो शोधून काढला. त्यातही मामा. नंतरच्यांनी काढला. पुन्हा मामा. असे एकतीस वर्षांचे एकतीस फोटो जमले.

"सर बदलले, बाई बदलल्या, चार हेडसर होऊन गेले," बाई म्हणाल्या. "पण प्रत्येक फोटोत तुम्ही. तसेच उभे. मुलांच्या पाठीशी, हात पुढे करून. मामा, आम्हाला तुमचा सत्कार करायचाय. तुमच्याकडचे जुने फोटो असतील तर तेही द्या."

"माझ्याकडे एकही नाही."

"एकही नाही?"

"प्रती वर्गाच्या पटाप्रमाणे यायच्या. मी कुठे पटावर होतो?"

मामांनी हे साध्या माहितीसारखं सांगितलं, पण बाईंचे डोळे भरून आले. मामी चहा घेऊन बाहेर आल्या तर पाहुणी रडतेय, आणि आपला नवरा फाटकाचं कुलूप हरवल्यासारखा बसलाय.

माणसं गेल्यावर मी मामांना विचारलं, "पण तुम्ही खरंच दरवर्षी फोटोत उभे राहायचात?"

"हौसेने नाही," मामा म्हणाले, आणि खरं काय ते सांगितलं.

फोटोच्या दिवशी मैदानावर बाकं मांडत. पुढे सतरंजीवर बसलेली मुलं, मागे खुर्च्यांवर शिक्षक, त्यामागे उभी मुलं आणि सगळ्यात शेवटची रांग बाकांवर उभी. मैदानाला उजवीकडे उतार होता. मामा नोकरीला लागले त्याच्या तिसऱ्या वर्षी कडेचं बाक कललं, सात पोरं खाली आली आणि एकाचे पुढचे दोन दात पडले. हेडसरांनी हुकूम काढला, की यापुढे बाकाच्या टोकाशी शिपायाने उभं राहायचं, एक हात बाकावर दाबून धरायचा आणि गुडघा बाकाला टेकवून ठेवायचा. मामांनी पुढची एकतीस वर्षं तो हुकूम पाळला. हात पुढे केलेला दिसतो तो बाकावर असायचा. आणि तोंडावर जे काही दिसतं ते गुडघा दुखत असल्यामुळे.

"मग हे त्यांना सांगायचं ना," मी म्हणालो.

"विचारलं कुठे त्यांनी?"

सत्काराला मामांबरोबर मामी आणि मी दोघंही गेलो. एका मोठ्या हॉटेलच्या वरच्या मजल्यावरचा हॉल होता. पडद्यावर एकेक फोटो मोठा करून दाखवायचे आणि त्या वर्षीचं कुणीतरी उठून आठवण सांगायचं.

पहिली उठली ती डॉक्टर झालेली मुलगी. ती रोज धाकट्या भावाला बालवाडीत सोडून यायची, त्यामुळे उशीर व्हायचा. "आणि मामा मला प्रयोगशाळेच्या मागच्या दाराने गुपचूप आत घ्यायचे," ती म्हणाली. "मामा नसते तर माझी शाळाच सुटली असती." टाळ्या पडल्या.

मग एक लठ्ठ ठेकेदार उठला. तो सहामाहीत चार विषयांत नापास झाला होता आणि घरी जायच्या भीतीने जिन्याखाली रडत बसला होता. "मामा माझ्या शेजारी बसले, आपला डबा उघडला आणि अर्धा मला दिला. म्हणाले, पोटात काही असलं की नापास कमी टोचतं." पुन्हा टाळ्या. ठेकेदाराने चष्मा पुसला.

तिसरीने सांगितलं, की तापाने फणफणली असताना मामांनी तिला पाठीवर घेऊन थेट दवाखान्यात नेलं होतं. ती त्यांच्या सदऱ्यावर ओकली, तरी ते एक शब्द बोलले नाहीत.

मामा व्यासपीठावर ताठ बसून होते. प्रत्येक आठवणीला त्यांचा चेहरा आणखी आखडत होता. शेजारची एक बाई मला कुजबुजली, "किती भारावलेत ना?" मला मात्र ते दाताच्या डॉक्टरकडे नंबर लागलेल्या माणसासारखे दिसत होते. दोन शब्द बोलायला सांगितलं तर ते म्हणाले, "मी काही केलं नाही." एवढंच. टाळ्या थांबता थांबेनात. शेवटी त्यांना एकतीस फोटोंचा चामडी पुठ्ठ्याचा भलामोठा आल्बम दिला. तो गाडीत ठेवताना डिकी लागेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी वर्तमानपत्र द्यायला वर गेलो, तर आल्बम जेवायच्या टेबलावर उघडा होता आणि मामी पानं उलटत होत्या.

"अहो," त्या मामांना म्हणाल्या, "शाळेच्या भिंतीला लागून आपली खोली होती. दुपारी घरी येऊन जेवायचात. तुम्ही डबा कधी नेलात?"

मामा फाटकाची किल्ली शोधायला लागले.

"आणि मागच्या दाराची किल्ली तात्याभावजींकडे असायची. हे सगळं तात्याभावजींचं आहे. आयत्या बिळावर नागोबा झालात की तुम्ही!"

"मी कुठे झालो? मला बसवलं!" मामा उखडले. "मी म्हटलं ना तिथे, मी काही केलं नाही म्हणून!"

तात्या म्हणजे त्या शाळेतला दुसरा शिपाई. मामांच्या तोंडून त्याचं नाव मी नऊ वर्षांत ऐकलं नव्हतं, त्याला कारण होतं. मामा फाटकावर असायचे. घंटेचा शेवटचा टोल पडला की फाटक बंद, मग बाहेर हेडसरांचा मुलगा का असेना. पोरांनी त्यांचं नाव 'कुलूप' ठेवलं होतं. मामांनी मुख्य फाटकावर अडवलेली पोरं तात्या मागच्या दाराने आत घ्यायचा. वीस वर्षं असं चाललं. शेवटी मामांनी लेखी तक्रार केली. तात्याची किल्ली गेली, आणि मामांच्या निवृत्तीआधी दोन वर्षं त्याची बदली अडगळीच्या खोलीवर झाली. मामांच्या निरोप समारंभाला तात्या आला नाही. तेव्हापासून बोलणं बंद.

दोन दिवस मामा आल्बमभोवती घिरट्या घालत राहिले. तिसऱ्या दिवशी माझ्या दाराशी आले. "तुमची गाडी मोकळी आहे का? हे ओझं जरा एका ठिकाणी न्यायचंय."

तात्या आपल्या मुलीकडे राहत होता. तळमजल्यावरच्या दोन खोल्या, खिडकीत शिवणयंत्र. मुलीने दार उघडलं आणि मामांना बघून तिच्या भुवया वर गेल्या. तरी "या काका, बसा" म्हणाली. आत खुर्चीत एक वाळका, टकला म्हातारा बसला होता. त्याला कमी दिसायचं. त्याने आवाजाच्या दिशेने मान वळवली.

"कोण?"

"मी."

"कुलूप?"

"हो."

तात्या खुर्चीत सरळ बसला. मग मुलीला म्हणाला, "बघ गं, घड्याळात किती वाजले. हा आलाय म्हणजे मला कुठेतरी उशीर झालेला असणार."

मामांनी आल्बम त्याच्या मांडीवर ठेवला आणि उभ्याउभ्याच सगळी हकीगत सांगितली. डॉक्टरणीचं मागचं दार, ठेकेदाराचा डबा, पाठीवरची पोर. चौकशी समितीपुढे जबाब द्यावा तसं. शेवटी म्हणाले, "हे तुझं आहे. चुकून माझ्या नावावर जमा झालं. घे."

तात्याने हातात धरायचं भिंग मागवलं. एकेक फोटो डोळ्याशी नेऊन बघायला लागला. चौथ्या-पाचव्या पानावर म्हणाला, "यात मी कुठेय?"

"तू नाहीसच. एकाही फोटोत नाहीस."

"कसा असेन?" तात्या खुशीत म्हणाला. "त्या दिवशी बाकं वाहायची असायची. तीन मजल्यांवरून तीस बाकं! मी सकाळीच हेडसरांना सांगायचो, घंटेपाशी कुणीतरी हवं, मी थांबतो."

मामांचे कान लाल झाले. "म्हणजे एकतीस वर्षं तू मुद्दाम…"

"मग? तुला काय वाटलं, मला घंटेचा लळा होता?"

"माझा गुडघा गेला त्यात!"

"आणि फोटोत कोण आलं? फुकट काही मिळत नाही बाबा." तात्याने पान उलटलं. मग थांबून म्हणाला, "डबा माझा, बरोबर. त्या जाड्याला दिलेला. अर्धा नव्हता, त्याने सगळा खाल्ला. मागचं दार माझं. पण ती पाठीवरची पोर माझी नाही."

"तुझीच."

"अरे, माझी कंबर त्याच्या आदल्या वर्षीच गेलेली. बाकं टाळायला तेवढं एक खरं कारण मिळालं. ती पोर तू नेलीस. मी घंटेपाशी उभा होतो, डोळ्यांनी बघितलंय. तू धावत गेलास आणि फाटक सताड उघडं टाकलंस."

मामा खाली बसले. "फाटक उघडं राहिलं ते आठवतं," ते सावकाश म्हणाले. "बाहेरची दोन गुरं आत शिरली. बाईंची फुलझाडं खाल्ली. मला मेमो मिळाला. आयुष्यातला एकुलता एक."

"आणि पोर?"

"पोर आठवत नाही."

"मेमो आठवतो आणि पोर आठवत नाही!" तात्या इतका हसला की त्याला ठसका लागला. मुलीने पाणी आणून दिलं. मामांना हसू आलं नाही. ते त्या वर्षीचा फोटो शोधून काढून, मधल्या रांगेतल्या एका बारीक वेण्यांच्या मुलीकडे बराच वेळ बघत बसले.

निघताना मामा म्हणाले, "पुढच्या महिन्यात दुसऱ्या बॅचचा कार्यक्रम आहे. तू यायचंस. मी सगळ्यांसमोर खरं सांगणार."

"कशाला? खायला चांगलं असतं का तिथे?"

"केक होता."

"मग येतो."

दुसऱ्या कार्यक्रमाला मीच गाडीतून दोघांना नेलं. तात्याने जावयाचा कोट घातला होता, त्याच्या बाह्या बोटांपर्यंत येत होत्या. हॉल जवळजवळ तसाच, पडदाही तसाच. आणि आठवणीही साधारण तशाच. परीक्षेला दोन मिनिटं उशिरा टोल देणारे मामा, संपलेल्या खडूंचे तुकडे साठवून पोरांना चित्रं काढायला देणारे मामा. दुसऱ्या रांगेत बसलेला तात्या प्रत्येक वेळी मला कोपराने ढोसायचा. "माझं. हेही माझं. टोल उशिरा पडला कारण मी झोपलो होतो, पण माझंच."

मामा बोलायला उभे राहिले. खिशातून कागद काढला. रात्रभर विचार करून नव्हे, तर दोन आठवडे मामींकडून तपासून घेऊन लिहिलेला होता.

"तुम्ही जे सांगता ते मी केलेलं नाही," त्यांनी वाचायला सुरुवात केली. "मी फाटक बंद करत असे. उशिरा आलेल्यांना मी घरी पाठवत असे. तुम्ही मला कुलूप म्हणत होतात. चांगली कामं दुसऱ्या शिपायाने केली. ते इथे आलेले आहेत."

 मला वाटलं, आता पंचाईत. पण सूत्रसंचालन करणाऱ्या बाईंनी माईक घेतला आणि त्या म्हणाल्या, "ऐकलंत? आजच्या जगात केलेल्या कामाचं श्रेयसुद्धा दुसऱ्याला देणारी माणसं! याला म्हणतात मनाचा मोठेपणा!"

टाळ्यांनी हॉल दणाणला. मागचे लोक उभे राहिले.

"अहो, पण मी खरंच…" मामा म्हणाले. टाळ्या वाढल्या.

मग तात्याच उठला. "खरं बोलतोय तो! मी तात्या! मीच द्यायचो खडू!"

लोक हसले, कौतुकाने. पुढच्या रांगेतला एक गृहस्थ शेजाऱ्याला म्हणाला, "मामांचे मित्रही किती मिश्कील आहेत." दोघं-तिघं तात्याकडे निरखून बघत होते, हे मला दिसलं. एकीच्या कपाळावर आठी पडली, काहीतरी आठवत असल्यासारखी. पण तेवढ्यात पडद्यावर पुढचा फोटो आला, त्यात मामा होते आणि तात्या नव्हता. आठी गेली.

शेवटी ग्रुप फोटो काढायचा होता. हातात फोन धरलेला तरुण ओरडला, "आजोबा, कोटवाले आजोबा, जरा बाजूला होता का? फक्त शाळेतले हवेत."

तात्या निमूट बाजूला व्हायला लागला. त्याची नजर केकच्या टेबलाकडे होती, त्यामुळे त्याला फारसं वाईट वाटलं असेल असं नाही. पण मामांनी त्याची लांबलचक बाही पकडली. "हलायचं नाही," ते त्यांच्या फाटकावरच्या आवाजात म्हणाले. आख्खा हॉल स्तब्ध झाला. चाळिशी-पन्नाशीची ती माणसं क्षणभर खरोखर हात खाली सोडून, ताठ उभी राहिली. फोटो तेवढ्यात निघाला.

दोन दिवसांनी तो ग्रुपवर आला. तात्या त्यात आहे. अर्धा, आणि डोळे मिटलेला. खाली कुणीतरी लिहिलं होतं, 'आपले लाडके मामा आणि त्यांचे थोरले बंधू.'

"थोरला?" तात्या भडकला. "मी याच्याहून तीन वर्षांनी लहान!" एवढ्या सगळ्यात त्याला राग आला तो फक्त याचा.

गाडीत परत येतानाच त्याने मामांना सांगून टाकलं होतं, "तू आता गप्प बस. जितकं खरं बोलशील तितका मोठा होशील, आणि एक दिवस तुझा पुतळा उभा करतील. पुन्हा बाकं मला वाहायला लावतील."

मामांनी ऐकलं नाही. त्यांनी ग्रुपवर माझ्याकडून खुलासा टाइप करून घेतला, मुद्देवार, वर्षांसकट. त्याला शंभराहून जास्त हात जोडलेली चित्रं आली. आणखी एक खुलासा केला. त्यालाही आली. दात पडलेल्या मुलाचा, आता तो निवृत्तीला आलेला गृहस्थ, स्वतंत्र निरोप आला, 'मामा, तुम्ही मला झेललं होतं, म्हणून दोनच दात गेले.' मामांनी मला तो तीनदा वाचायला लावला. त्या वर्षी तर ते फोटोच्या वेळी स्टुलावर चढून घड्याळाला किल्ली देत होते.

पाठीवरच्या मुलीला मात्र त्यांनी स्वतः फोन केला. मी समोर होतो. फार बोलणं झालं नाही. "ताप परत आला होता का?" त्यांनी विचारलं. नाही म्हणाली. "बरं," म्हणाले आणि फोन ठेवला. मग मामींकडे बघून म्हणाले, "नव्हता आला."

आता दर शुक्रवारी मी मामांना तात्याकडे सोडतो, आणि बऱ्याचदा तिथेच बसतो. तात्याला नीट दिसत नाही आणि मामांना फोनवरची अक्षरं बारीक पडतात, म्हणून वाचन माझ्याकडे. ग्रुप अजून जोरात आहे. मी आठवण वाचतो आणि दोघं निवाडा करतात. "तुझं." "माझं." "हे गणिताच्या सरांचं." भांडणं होतात. उन्हाळ्यात लवकर टोल देण्यावरून एकदा इतकं पेटलं, की तात्याच्या मुलीने शिवणयंत्र थांबवून दोघांना दटावलं.

गेल्या शुक्रवारी एका बाईंची आठवण आली. परदेशात असतात. त्यांची आई त्या नववीत असताना गेली. नंतर शाळेत परतल्या तेव्हा, त्यांनी लिहिलं होतं, मामांनी त्यांच्यासाठी फाटकाजवळच्या भिंतीवर रोज एक फूल ठेवलं. वर्षभर. कधी बोलले नाहीत, नुसतं फूल ठेवायचे. माझं वाचून झालं.

"माझं नाही," मामा म्हणाले.

"माझंही नाही," तात्या म्हणाला. "मी फाटकाकडे फिरकायचोच नाही, तू असायचास."

"त्या भिंतीवर मोगऱ्याचा वेल होता," मामा म्हणाले. "आपोआप पडत असतील."

 शिवणयंत्र चालू होतं.

"काय लिहू?" मी विचारलं. "वेलाचं लिहू?"

मामांनी मान खाली घातली. त्यांच्याकडे बघून मला वाटलं, आता कागद मागवणार, वर्ष विचारणार, वेल कोणत्या साली लावला ते सांगणार.

"लिहा," ते म्हणाले, "हो, आठवतं."

"आणि लिहा, पांढरं होतं," तात्या म्हणाला.